रेफिल्ड यांचे नाव हवे होते

अमेरिकेतील बर्मिंगहॅम (अलाबामा) येथील सिक्स्टीन्थ स्ट्रीट बॅप्टिस्ट चर्च या कृष्णवर्णीयांच्या चर्चवरील आपण प्रसिद्ध केलेला लेख वर्णद्वेष्ट्या गोऱ्यांनी १५ सप्टेंबर १९६३ रोजी तेथे घडवलेल्या बॉम्बस्फोटाविषयी आणि त्यात बळी पडलेल्या चार मुलींविषयी अतिशय जबाबदारीने लिहिला आहे. मात्र वास्तूच्या वाट्याला त्यात जेमतेम दोन ओळी आल्या आणि तिच्या वास्तुविशारदाचे नावही आले नाही, याची रुखरुख वाटते. १८७३ मध्ये स्थापन झालेल्या या मंडळीची सध्याची इमारत १९११ मध्ये उभी राहिली. तिचा आराखडा वॉलेस रेफिल्ड या कृष्णवर्णीय वास्तुविशारदाने केला आणि बांधकामही कृष्णवर्णीय कंत्राटदारानेच केले, ही गोष्ट वर्णभेदाच्या त्या काळात केवढी मोठी होती! दोन बाजूंचे जुळे मनोरे आणि रोमनेस्क व बायझंटाईन शैलींचा मेळ आजही पाहण्यासारखा आहे.

स्फोटात एका रंगीत काचेच्या खिडकीतील येशूचा केवळ चेहरा उडाला होता. त्यानंतर ब्रिटनमधील वेल्स प्रांतातील सामान्य लोकांनी वर्गणी काढून, कोणा एका धनिकाचे दान ठरू नये म्हणून प्रत्येकी अर्ध्या क्राउनची (त्या काळचे एक ब्रिटिश नाणे) मर्यादा घालून, जॉन पेट्स या कलावंताकडून नवी खिडकी करवून घेतली. तीतील येशू कृष्णवर्णीय आहे आणि त्याचे दोन्ही हात पसरलेले आहेत: एक हात द्वेष परतवतो, तर दुसरा क्षमा देऊ करतो.