९२ मिनिटं आणि कराचीला न पोचलेलं जहाज

परवा एका जुन्या मित्राशी फोनवर वाद झाला, तेव्हा मला धड बोलता आलं नाही म्हणून इथे सविस्तर लिहितोय. त्याचं म्हणणं एवढंच की आयर्न मेडन या ब्रिटिश हेवी मेटल बँडने १९८८ च्या 'सेव्हन्थ सन' अल्बमनंतर दुकान बंद करायला हवं होतं, आता साठी उलटलेली माणसं नुसती गाणी ताणत बसलीत, दहा-दहा बारा-बारा मिनिटांची गाणी ऐकायला वेळ आहे कुणाला. आणि उदाहरण म्हणून त्याने नेमका 'द बुक ऑफ सोल्स' काढला. तिथेच माझं डोकं फिरलं, कारण उतारवयात बँडने अल्बम कसा करावा असं मला कुणी विचारलं तर मी हाच हातात ठेवीन, त्याच्या लांबीसकट.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ४ सप्टेंबर २०१५ ला आला, मेडनचा सोळावा स्टुडिओ अल्बम, त्यांचा पहिलाच डबल, ११ गाणी आणि ९२ मिनिटं. पॅरिसच्या गियोम टेल स्टुडिओत रेकॉर्ड केला, गायक ब्रूस डिकिन्सन आणि गिटारिस्ट एड्रियन स्मिथ बँडमध्ये परत आल्यावरचा २००० चा 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' पण तिथलाच. इंग्लंडमध्ये पहिल्या नंबरवर गेला, अमेरिकेत चौथ्या. ते नंबर जाऊ दे, मला त्याच्यात फारसा रस नाही.

मी मेडनला एकदाच प्रत्यक्ष बघितलंय. १ फेब्रुवारी २००८, बीकेसी, एमएमआरडीए ग्राउंड. जगभरच्या टूरचा पहिला शो मुंबईत होता आणि बँड स्वतःच्या बोईंग ७५७ मधून आलेला, विमान चालवणारा पायलट कोण तर गाणारा ब्रूसच. आम्ही चौघं डोंबिवलीहून गेलेलो, दुपारपासून रांगेत, ग्राउंडवर एवढी धूळ की रात्री घरी येऊन रुमालाने नाक पुसलं तर रुमाल काळा. स्पीकरवर चर्चिलचं भाषण सुरू झालं आणि 'एसेस हाय' वाजलं तेव्हा माझ्या शेजारी एक चाळिशीचा माणूस होता, ऑफिसचा शर्ट इन केलेला, खांद्याला बॅग, तो रडत होता. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा, मला कळलंच नाही हा का रडतोय. नंतर कुर्ल्यापर्यंत चालत आलो आणि शेवटची लोकल पकडली. आता मी त्या माणसाच्या वयाच्या जवळ आलोय आणि आता कळतं. वीस-बावीस वर्षं कॅसेटवर ऐकलेली माणसं समोर उभी राहिली की काय होतं ते.

पण ती टूर जुन्या गाण्यांची होती. लोकांना तेच हवं असतं, आणि कुठल्याही मोठ्या बँडला म्हातारपणी तेवढ्यावर आरामात जगता येतं. मेडनने ते केलं नाही हे मला महत्त्वाचं वाटतं. 'बुक ऑफ सोल्स'च्या टूरला त्यांनी नव्या अल्बमची सहा गाणी वाजवली, सहा! स्टेडियम भरून लोक 'रन टू द हिल्स' ऐकायला आलेत आणि हे लोक तेरा मिनिटांचं 'द रेड अँड द ब्लॅक' वाजवतायत. ते गाणं एकट्या स्टीव्ह हॅरिसने, म्हणजे बँडच्या बेसिस्टने लिहिलंय, सुरुवातीला बेसवर कॉर्ड वाजतात, मग तो त्याचा घोडदौडीचा ऱ्हिदम, पिक न घेता नुसत्या बोटांनी, आणि मग तीन गिटार एकामागून एक येतात, मरे, स्मिथ, गर्स. तिघांचे आवाज वेगळे ओळखू येतात. मरेचा सोलो लोण्यासारखा घरंगळत जातो, स्मिथ मोजून मापून वाजवतो, गर्स अंगावर येतो. मधल्या सहा-सात मिनिटांत गाणारा जवळजवळ गायबच आहे, नुसती वाद्यं बोलतायत, एक धून संपली की तिच्याच पोटातून दुसरी निघते.

याला ताणणं म्हणायचं? आपल्याकडे सवाईला लोक चार-चार तास मांडी घालून बसतात, विलंबित ख्याल पाऊण तास चालतो, तिथे कुणी घड्याळ बघत नाही, उलट गवयाने आटोपतं घेतलं की चुळबुळ सुरू होते. माझी आजी भजनी मंडळात होती, तिच्याकडे एक अभंग अर्धा तास चालायचा, तीच ओळ परत परत, आणि दर वेळी ती ओळ थोडी वेगळी लागायची. ते ज्याने ऐकलंय त्याला तेरा मिनिटांच्या गाण्याची भीती का वाटावी हे मला खरंच कळत नाही.

सगळंच ग्रेट आहे असं मी म्हणत नाहीये. 'व्हेन द रिव्हर रन्स डीप' नसतं तरी चाललं असतं. 'शॅडोज ऑफ द व्हॅली'ची सुरुवात ऐकून पहिल्यांदा मला वाटलं चुकून मेडनचंच जुनं 'वेस्टेड इयर्स' लागलं की काय. साउंड थोडा गढूळ आहे, प्रोड्युसर केव्हिन शर्ली बँडला एकत्र वाजवून घेतो, त्यामुळे जिवंतपणा येतो पण तीन गिटार काही ठिकाणी एकमेकांत कालवल्या जातात. आणि ब्रूसचा आवाज वरच्या पट्टीत ताणला जातो, हे खरं आहे, 'द ग्रेट अननोन'मध्ये तर स्पष्ट कळतं. माझ्या मित्राने हेच धरलं, म्हणाला बघ आवाज गेला.

आता त्या आवाजाबद्दल.

२०१४ च्या शेवटी हे रेकॉर्डिंग झालं तेव्हा ब्रूसच्या जिभेच्या मुळाशी गाठ होती. कॅन्सर. रेकॉर्डिंग उरकल्यावर निदान झालं, फेब्रुवारी २०१५ मध्ये जाहीर केलं, केमो आणि रेडिएशन झालं, मे महिन्यात डॉक्टरांनी सांगितलं की आता काही नाही. अल्बम त्यामुळेच मागे ढकलला. म्हणजे जो आवाज आपण त्या ९२ मिनिटांत ऐकतो तो घशात गाठ असलेल्या छप्पन्न वर्षांच्या माणसाचा आहे.

हे मला २०१५ मध्ये बातमी म्हणून माहीत होतं. २०१७ मध्ये वेगळं कळलं, कारण तेव्हा माझ्या बाबांना जिभेचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, मग तीस रेडिएशन. ज्यांच्या घरात हे झालंय त्यांना सांगायला नको. चेहऱ्याच्या मापाचा प्लॅस्टिकचा एक जाळीदार साचा करतात, गरम पाण्यात मऊ करून तोंडावर दाबून बसवतात, आणि रोज तो साचा घालून माणसाला टेबलाला क्लिपांनी पक्कं करतात, हलायचं नाही. आत एक रॅक होतं, त्यावर असे पंचवीस-तीस पांढरे चेहरे ओळीने ठेवलेले, प्रत्येकाच्या कपाळावर पट्टीवर नाव लिहिलेलं. बाबांचा चेहरा त्यात तिसऱ्या ओळीत होता. तिसऱ्या आठवड्यापासून तोंडात फोड, थुंकी आटली, वरणाचं पाणीसुद्धा गिळवेना, बोलणं खुणेवर आलं. रोज बाहेरच्या बाकावर तास-दीड तास जायचा, मी इअरफोन लावून हाच अल्बम ऐकायचो. दुसरं काही ऐकवतच नव्हतं. ब्रूस 'इफ इटर्निटी शुड फेल' सुरू करतो, सुरुवातीला जवळजवळ एकटाच गातो, आणि मी त्याच्या गळ्याकडे लक्ष देऊन ऐकायचो, की यातून गेलेला माणूस परत उभा राहिला आणि २०१६ मध्ये बोईंग ७४७ चालवत जगभर गात फिरला. मला त्या बाकावर एवढा आधार दुसऱ्या कुणी दिला नाही, हे मी मनापासून लिहितोय.

आणि शेवटचं गाणं, 'एम्पायर ऑफ द क्लाउड्स'. अठरा मिनिटं. मेडनचं सगळ्यात लांब गाणं. ब्रूसने पियानोवर लिहिलं, स्वतः वाजवलं, मेडनच्या गाण्यात पियानो म्हणजे विचार करा. गाणं आहे आर-१०१ नावाच्या ब्रिटिश एअरशिपवर, म्हणजे गॅसवर तरंगणाऱ्या हवाई जहाजावर, आणि ही गोष्ट आपल्याकडे फारशी कुणाला माहीत नाही याचं मला वाईट वाटतं, कारण ते जहाज इकडेच यायला निघालं होतं. ४ ऑक्टोबर १९३० च्या संध्याकाळी इंग्लंडमधल्या कार्डिंग्टनहून सुटलं, इजिप्तमध्ये इस्माइलियाला थांबून कराचीला पोचायचं होतं. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. तिथे या जहाजासाठी एक प्रचंड मोठी शेड बांधून तयार होती.

७७७ फूट लांब. आत हायड्रोजन, आणि तो भरायच्या पिशव्या बैलांच्या आतड्यांच्या पातळ पापुद्र्याच्या, लाखो पापुद्रे चिकटवून केलेल्या. वजन जास्त झालं म्हणून जहाज मधोमध कापून एक भाग वाढवला, जास्त गॅस मावावा म्हणून. त्यानंतर एकच चाचणी उड्डाण झालं, तेही पूर्ण वेगात नाही. पिशव्या सांगाड्याला घासून भोकं पडत होती. पण विमान खात्याचे मंत्री लॉर्ड थॉमसन यांना याच जहाजातून हिंदुस्थानात जाऊन ऑक्टोबरमध्येच लंडनला कॉन्फरन्ससाठी परत यायचं होतं, तारीख ठरलेली होती, मग उड्डाणाचा परवाना अगदी तोंडावर देऊन टाकला. पाऊस, वारा, रात्र. पहाटे दोननंतर फ्रान्समध्ये बोव्हे गावाजवळच्या टेकडीवर जहाज नाक खाली करून टेकलं आणि पेटलं. ५४ पैकी ४८ माणसं गेली, थॉमसनसकट.

ब्रूस हे सगळं अठरा मिनिटांत सांगतो आणि घाई करत नाही. पियानो, मग व्हायोलिन, मग ड्रमवर निको मॅकब्रेन हळूहळू वारा वाढवत नेतो, मधे वादळाचा पट्टा येतो तेव्हा तिन्ही गिटार एकदम हेलकावतात, आणि शेवटी सगळं जळून गेल्यावर परत नुसता पियानो. वीस-पंचविशीतला माणूस हे गाणं लिहू शकला नसता. त्या वयात स्फोट लिहिला असता. इथे स्फोट काही सेकंदांत उरकलाय आणि उरलेला वेळ त्या माणसांना दिलाय, जी चढली, ज्यांनी सामान लावलं, ज्यांना खाली दिवे दिसले. बरं या माणसाला जहाजांचं वेड नुसतं गाण्यापुरतं नाही, कार्डिंग्टनच्याच हँगरमध्ये काही वर्षांपूर्वी जी नवीन एअरशिप उभी केली त्या कंपनीत त्याने स्वतःचे पैसे घातलेत.

बाबा एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते, तेहतीस वर्षं, गाड्या पासिंगला काढायचं काम. आता ते बरे आहेत, तिखट चालत नाही, बोलताना 'र' नीट येत नाही, पण बोलतात. मागच्या दिवाळीत हॉलमध्ये मी हे गाणं लावलं होतं आणि त्यांनी विचारलं हे एवढं लांब काय आहे, तर मी चालू गाण्यातच त्यांना गोष्ट सांगितली, वजन, कापून वाढवलेला भाग, आतड्याच्या पिशव्या, एकच ट्रायल. त्यांनी पेपर खाली ठेवला. शेवटचा पियानो वाजत होता तेव्हा म्हणाले, "ट्रायल पूर्ण झाली नव्हती ना? मग पास कुणी केली?" मी सांगितलं वरून दबाव होता. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "खालच्या फिटरला माहीत असणार रे. त्याला नक्की माहीत असणार."

मित्रा, तू हे वाचशील म्हणून सांगतो, रविवारी संध्याकाळी घरी ये. फोन बाहेरच्या टेबलावर ठेवायचा आणि अठरा मिनिटं बसायचं. बाबा पण बसणार आहेत, त्यांनी मला आधीच सांगून ठेवलंय की मधे कुणी बोलायचं नाही.