देव दिल्लीत, देऊळ मनसरला

परवा श्रावण सोमवारी आईला घेऊन मनसरला गेलो. रामटेकला नाही, मनसरला. मुद्दाम सांगतो, कारण आपण नागपूरकर मनसरला फक्त वळण म्हणून ओळखतो. कामठी, कन्हान, मनसर आणि तिथून उजवीकडे रामटेक. शाळेची सहल असो, त्रिपुरी पौर्णिमा असो, मीही चाळीस वर्षं तसाच वळत आलो. त्या वळणाजवळच्या टेकडीवर दीड हजार वर्षांपूर्वीचं महादेवाचं देऊळ आहे हे मला कळलं ते दिल्लीत.

काही वर्षांपूर्वी कामानिमित्त दिल्लीला गेलो होतो. दुपार मोकळी होती म्हणून राष्ट्रीय संग्रहालयात शिरलो. एका दालनात तांबूस दगडाची मूर्ती दिसली. ऐसपैस बसलेला, पोट सुटलेला, जटांचा भलामोठा भार, त्यात चंद्रकोर आणि चेहऱ्यावर हसू. इतका प्रसन्न शिव मी आजवर पाहिला नव्हता. खालच्या पाटीवर नाव वाचलं, मनसर. पाचवं शतक. अंगावर काटा आला. आपल्या घरापासून तासाभराच्या अंतरावरचा देव मला हजार किलोमीटर लांब येऊन भेटला होता.

मग वाचत गेलो. आपण वाकाटक राजघराणं म्हटलं की अजिंठा आठवतो, पण त्यांची थोरली शाखा इथं, नंदिवर्धनला, म्हणजे आजच्या नगरधनला नांदत होती. गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी प्रभावतीगुप्ता इथं सून म्हणून आली. नवरा लवकर गेला, मुलं लहान होती, तेव्हा तिनं स्वतः राज्य सांभाळलं. नगरधनच्या उत्खननात तिची मुद्राही सापडली आहे. ती विष्णूची भक्त, रामगिरीच्या, म्हणजे आजच्या रामटेकच्या, स्वामीला मानणारी. तिचा मुलगा दुसरा प्रवरसेन मात्र पक्का शिवभक्त. त्यानं मनसरच्या टेकडीवर आपल्या नावाचा देव बसवला, प्रवरेश्वर. माझ्यासारख्या मराठी माणसाला सगळ्यात भिडणारी गोष्ट पुढंच आहे. या शिवभक्त राजानं रामकथेवर ‘सेतुबंध’ हे काव्य लिहिलं, तेही महाराष्ट्री प्राकृतात, जिच्यातून आपली मराठी आली.

लोक त्या जागेला हिडिंबा टेकडी म्हणतात. 1997-98 पासून पुरातत्त्वज्ञ जगत्पती जोशी आणि अ. कु. शर्मा यांनी तिथं उत्खनन केलं, तेव्हा विटांचं हे देऊळ मातीतून वर आलं. प्रवरेश्वराचं नाव असलेल्या मातीच्या मुद्राही मिळाल्या.

आम्ही पोचलो तेव्हा पाऊस नुकताच उघडला होता. खाली तलाव भरलेला. शेळ्या चारणारे एक काकाजी म्हणाले, “रस्ता चुकले का जी? रामटेक तिकडं आहे.” आई गुडघे धरत, थांबत थांबत वर चढली. मी एका विटेला वीत लावून पाहिली. दीड वीत भरली. पावसानं भिजून ती गडद लाल झाली होती, सांध्यात बोटभर हिरवं शेवाळ. भिंत सरळसोट नाही, ठरावीक अंतरावर पुढे आलेले अर्धस्तंभ आणि त्यांच्या मधे मागे सरलेले कोनाडे, अशी ती वळत जाते. नुसत्या विटेत एवढी नजाकत! आणि तिथून पूर्वेला पाहिलं की समोर रामटेकचा डोंगर. प्रभावती त्या डोंगरावरच्या देवाची, तिचा मुलगा या टेकडीवरच्या. मी तिथं बराच वेळ उभा राहिलो.

आईनं पदराखालच्या पिशवीतून बेल काढला. इकडंतिकडं पाहिलं.

“देव कुठी आहे याच्यातला?”

“दिल्लीले आहे आई. म्युझियममध्ये.”

मोबाइलवर तिला फोटो दाखवला. तिनं तो हात लांब धरून, चष्मा वर करून पाहिला.

“मंग याले बेल कोण वाह्यते तिथं?”

मला उत्तर देता आलं नाही. तिनं बेल परत पिशवीत ठेवला आणि संध्याकाळी आमच्या गल्लीतल्या महादेवाला वाहिला.

मूळ मूर्ती दिल्लीत सुरक्षित आहे, जगभरची माणसं ती पाहतात, हे मी मान्य करतो. पण तिची हुबेहूब, त्याच मापाची दगडी प्रतिकृती टेकडीच्या पायथ्याशी बसवायला काय हरकत आहे? सोबत मराठीत, शाळकरी पोराला कळेल अशा भाषेत, प्रभावतीची आणि प्रवरसेनाची गोष्ट लिहिलेली असावी. नागपुरातल्या शाळांची सहल रामटेकला जातेच, त्यातला फक्त एक तास मनसरला द्यावा. आणि मोठ्यांना हात जोडून विनंती, त्या भिंतींवर चढून फोटो काढू नका. पंधराशे वर्षांच्या विटा आहेत त्या, पायाखाली सुटतात.

येत्या रविवारी मी पुन्हा जातोय, सकाळी सहाला निघणार. येताना नगरधनचा किल्लाही पाहू. गाडीत तीन जागा आहेत. ज्यांना यायचंय त्यांनी कळवा, लहान मुलं असतील तर जरूर आणा.