खुलासा : पाणी साचलेल्या सोयाबीनला युरिया फेकल्याने 'ताकद' येत नाही

लातूर-नांदेडकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक सल्ला फिरतोय: पावसाने सोयाबीन पिवळं पडलं की लगेच युरिया फेका, पिकाला ऊर्जा मिळते. हे चूक आहे. युरियात नत्र असतं, ऊर्जा नसते.

पान उन्हात साखर बनवतं, पण मूळ अंधारात असतं; त्याला साखर पानाकडूनच येते. तिथल्या पेशी ती साखर ऑक्सिजनच्या मदतीने जाळतात. ग्लुकोजच्या एका रेणूपासून साधारण 30 एटीपी मिळतात. एटीपी म्हणजे पेशीचं ऊर्जेचं सुटं चलन. काळ्या रानात पाणी तुंबलं की मातीतली हवा निघून जाते. पाण्यातून ऑक्सिजन हवेच्या सुमारे दहा हजारपट हळू सरकतो. मग पेशी साखर ऑक्सिजनशिवाय आंबवण्यावर येतात आणि हाती पडतात फक्त 2 एटीपी. एवढ्यात मातीतलं नायट्रेट, म्हणजे मुळं घेतात ते नत्राचं रूप, आत ओढायचं कसं? मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतलं नत्र पिकाला वापरता येईल असं करतात, म्हणजे स्थिर करतात. त्या गाठींची गत आणखी वाईट: नत्राचा एक रेणू स्थिर करायला किमान 16 एटीपी लागतात. नत्र कमी पडतं, पिवळेपणा इथून येतो. वरून टाकलेला युरिया काही वाहून जातो, उरलेल्यातून जे नायट्रेट बनतं त्याचा तुंबलेल्या मातीत वायू होतो.

आधी चर काढून पाणी बाहेर काढा. वाफसा आला की कोळपणी करा, हवा खेळते. त्यानंतर 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं विद्राव्य खत), 10 लिटर पाण्यात 100 ग्रॅम, पानांवर फवारा. कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्या असतील तर मात्र ती लोहाची कमतरता; चुनखडीच्या रानात हे नेहमीचंच.