दोन मिनिटांचं काम?

"एक्स्प्लोडेड व्ह्यू टाक ना, दोन मिनिटांचं काम!" दोन मिनिटं? सगळे पार्ट जोडणीच्या क्रमाने सुटे मांडून दाखवायचं चित्र ते, आणि गिअरबॉक्स आहे तो! डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑटो एक्स्प्लोड दाबलं की ऑइल सील एकीकडे, सर्क्लिप (पार्ट जागेवर धरणारी रिंग) भलतीकडे, बोल्ट हाउसिंगच्या पोटात. मग बसा एकेक पार्ट अक्षावर ओढत: बोल्ट, कव्हर, गॅस्केट, सर्क्लिप, मग बेअरिंग. क्रम चुकला तर जोडणारा फिटर काय बघून जोडणार?

संध्याकाळी कुठे सगळं जुळतं, तेवढ्यात निरोप येतो, "६२०५ बेअरिंगच्या जागी ६२०६ घेतलंय." म्हणजे शाफ्ट २५ चा ३० मिमी झाला, हाउसिंगही बदललं! पार्ट नवे, ओढण्याच्या जुन्या स्टेप्स तुटल्या, बलून (पार्टचे नंबर दाखवणारे गोल) हवेत लोंबकळतायत. पुन्हा पहिल्यापासून! अरे, डिझाइन पक्कं व्हायच्या आधी मागता कशाला? चौथ्यांदा ओढतोय मी तोच सर्क्लिप!