१२ मेच्या फॉरवर्डमधलं नर्सिंग आणि वॉर्डातलं नर्सिंग

मे महिना उजाडला की तो फॉरवर्ड फिरू लागतो. १२ मे हा फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा जन्मदिवस, म्हणून जागतिक परिचारिका दिन. हातात दिवा घेतलेल्या बाईचं चित्र आणि खाली साधारण असा मजकूर: नर्सिंग नाइटिंगेलनी सुरू केलं, क्रायमियाच्या युद्धात त्यांच्या मायेच्या स्पर्शाने सैनिकांचा मृत्युदर ४२ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आला, ही नोकरी नव्हे, बाईला उपजत असलेली सेवा आहे, डॉक्टर सांगतील ते निमूट करावं, आणि हल्लीच्या डिग्रीवाल्या, पगारासाठी संप करणाऱ्या सिस्टरांमध्ये ती माया उरलेली नाही. अलीकडे याला एक स्वदेशी शेपूटही जोडलेलं दिसतं: जगातलं पहिलं नर्सिंग विद्यालय इसवी सनापूर्वी २५० मध्ये भारतात होतं. एकाच मेसेजात दोन-दोन ‘पहिले’ कसे मावले, हे पाठवणाऱ्याला विचारावंसं वाटतं.

आधी ४२ आणि २ घेऊ, कारण सगळा डोलारा त्यावरच उभा आहे. आकडे खरे आहेत. पण नाइटिंगेलबाई नोव्हेंबर १८५४ मध्ये ३८ जणींना घेऊन पोहोचल्या त्या क्रायमियात नव्हे, तर काळ्या समुद्राच्या अलीकडे, इस्तंबूलसमोरच्या स्कुटारीला. तिथल्या एका प्रचंड बराकीचं ब्रिटिश सैनिकांसाठी इस्पितळ केलं होतं. त्या आल्यावर जेवणखाण, धुणं, कपडे, पट्ट्या यांना शिस्त लागली, आणि तरीही त्या हिवाळ्यात माणसं जास्तच मरू लागली. ४२ टक्के हा आकडा फेब्रुवारी १८५५ चा, म्हणजे त्या तिथे काम करत असतानाचा आहे. इमारतीखालची गटारं तुंबली होती, हवा कोंडलेली, पाणी दूषित. मार्चमध्ये लंडनहून सॅनिटरी कमिशन आलं. त्यात डॉ. जॉन सदरलँड होते आणि अभियंता रॉबर्ट रॉलिन्सन होते. त्यांनी गटारं धुऊन काढली, आवारातली मेलेली जनावरं उचलली, भिंतींना चुना दिला, वॉर्डांत हवा खेळती केली. ऋतू पालटला, रसदही सुधारली. जूनपर्यंत मृत्युदर २ टक्क्यांच्या आसपास आला.

हे कोणी त्यांच्या शत्रूने उकरून काढलेलं नाही. इंग्लंडला परतल्यावर विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाच्या मदतीने त्यांनी स्वतःच ते आकडे तपासले. जखमांनी मेले त्याच्या कितीतरी पट सैनिक टाळता येण्याजोग्या रोगांनी मेले, हे त्यातून दिसलं. ते मंत्र्यांना एका नजरेत कळावं म्हणून १८५८ मध्ये त्यांनी पाकळ्यांसारखी गोल आकृती काढली. त्याच वर्षी लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीने त्यांना सभासद करून घेतलं. तिथल्या त्या पहिल्या स्त्री सभासद. पुढे हिंदुस्थानातल्या लष्करी छावण्या आणि खेड्यांचं सांडपाणी यांवर त्यांनी दशकानुदशकं लिहिलं, पुण्याच्या सार्वजनिक सभेशी पत्रव्यवहार केला, आणि हे सगळं इथे एकदाही पाऊल न ठेवता, अहवाल आणि तक्ते वाचून. मायेचा स्पर्श खोटा होता असं कोण म्हणतं? पण मायेने तुंबलेलं गटार वाहतं होत नाही, हे त्या बाईंना फॉरवर्ड करणाऱ्यांपेक्षा कितीतरी आधी कळलं होतं.

आता ‘सुरू केलं’. नाइटिंगेल स्वतः शिकल्या त्या जर्मनीतल्या कायझर्सवर्थला. पाद्री थिओडोर फ्लीडनर यांनी १८३६ मध्ये तिथे रुग्णसेविका तयार करण्याची संस्था काढली होती. नाइटिंगेल १८५१ मध्ये तिथे काही महिने होत्या. त्याच युद्धात रशियाच्या बाजूने क्रायमियातल्या सेवास्तोपोलला शल्यविशारद पिरोगोव्ह यांच्या देखरेखीखाली रुग्णसेविकांचं पथक काम करत होतं, आणि बालाक्लाव्हाजवळ जमैकाच्या मेरी सीकोल स्वतःच्या हिमतीवर सैनिकांची शुश्रूषा करत होत्या. १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात नाइटिंगेल यांच्या नावाने निघालेलं विद्यालय मात्र खरोखर मोठा टप्पा आहे. धर्मसंस्थेच्या बाहेर, पगारी आणि प्रशिक्षित परिचारिका घडवण्याचा नमुना तिथून जगभर गेला. एवढं श्रेय पुरेसं आहे की.

स्वदेशी शेपटाचं काय? अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात माणसांच्या आणि जनावरांच्या चिकित्सेची सोय केल्याचं, औषधी वनस्पती लावल्याचं म्हटलं आहे. विद्यालयाचा उल्लेख नाही, परिचारकांचाही नाही. चरकसंहितेत वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी हे चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत आणि परिचारकाचे चार गुणही: उपचाराचं ज्ञान, दक्षता, रोग्याविषयी अनुराग, शुचिता. या दोन गोष्टी एकत्र घोटून कोणीतरी ‘विद्यालय’ तयार केलं. वाईट याचं वाटतं की जे खरोखर लिहिलेलं आहे ते या थापेपेक्षा मोलाचं आहे. चारांत ज्ञान पहिलं आहे, अनुराग तिसरा.

आणि तो परिचारक पुरुष आहे. मध्ययुगात जेरुसलेमचे हॉस्पिटलर, युरोपातले अलेक्सियन ब्रदर या ख्रिस्ती धर्मसंघांतले रुग्णांची सेवा करणारेही पुरुषच. आज वॉर्डात ब्रदर दिसले की नातेवाईक बावरतात, त्याला निसर्ग जबाबदार नाही. १८६० नंतर प्रशिक्षणाची दारं बहुतेक ठिकाणी फक्त मुलींना उघडी ठेवली गेली, त्याचा तो परिणाम आहे.

‘बाईला उपजत’ या म्हणण्याला पुण्याने तर शंभराहून जास्त वर्षांपूर्वीच उत्तर दिलं. १९०९ मध्ये रमाबाई रानड्यांनी सेवासदन काढलं आणि विधवांना ससून रुग्णालयात परिचारिकेचं शिक्षण मिळावं अशी सोय केली. परक्या पुरुषाच्या, परक्या जातीच्या माणसाच्या अंगाला हात लावायचा, मलमूत्र काढायचं, रात्रपाळी करायची! चांगल्या घरच्या बाईने असलं काम करू नये, असंच तेव्हाच्या पांढरपेशा समाजाचं मत होतं. बाईच्या अंगी सेवा उपजत असल्याची आठवण तेव्हा कोणाला झाली नाही. वसतिगृह लागलं, वर्ग लागले, घरोघरी जाऊन आईबापांची समजूत काढावी लागली.

‘निमूट ऐकावं’ यावर फार लिहायची गरज नाही. अमेरिकेत १९६६ मध्ये हॉफलिंग या मानसोपचारतज्ज्ञाचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. अनोळखी ‘डॉक्टर’ने फोनवरून एका औषधाचे २० मिलिग्रॅम द्यायला सांगितले; बाटलीवर कमाल मात्रा १० लिहिलेली होती. २२ पैकी २१ परिचारिका ते द्यायला निघाल्या. औषध बनावट आणि निरुपद्रवी होतं म्हणून ठीक. आज परिचारिकेला शिकवतात ते नेमकं उलट: रुग्ण कोण, औषध कोणतं, मात्रा किती, मार्ग कोणता, वेळ काय हे पडताळायचं, आणि शंका आली तर ऑर्डर थांबवून विचारायचं.

डिग्रीने माया आटते म्हणणाऱ्यांनी एक अभ्यास जरूर पाहावा. लिंडा एकन आणि सहकाऱ्यांनी युरोपातल्या नऊ देशांतली शस्त्रक्रियेच्या रुग्णांची माहिती तपासली. २०१४ मध्ये ती ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आली. परिचारिकेवर एक रुग्ण वाढला की दाखल झाल्यापासून ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली, आणि पदवीधर परिचारिकांचं प्रमाण १० टक्क्यांनी वाढलं की ती ७ टक्क्यांनी घटलेली. परिचारिका दिवसभर रुग्णाजवळ असते. श्वास किंचित वाढलाय, लघवी कमी झालीय, आजोबा सकाळपेक्षा गोंधळलेत, हे आधी तिला दिसतं. पण त्याचा अर्थ लागायला शिक्षण लागतं, आणि दिसायला तेवढा वेळ हाताशी असावा लागतो.

सेवा म्हणजे काय याचं मुंबईतलं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे, फक्त ते असं वाचलं जात नाही. केईएमच्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये रुग्णालयातच हल्ला झाला. त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या. १८ मे २०१५ ला त्या गेल्या तोपर्यंत, म्हणजे ४० वर्षांहून जास्त काळ, तिथल्या परिचारिकांनी त्यांना सांभाळलं. इतकी वर्षं खिळून असलेल्या शरीराला बेडसोर होऊ दिला नाही, याची दखल २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही घेतली. ज्यांनी घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस सांभाळलं आहे त्यांना कळेल, हे नुसत्या प्रेमाने होत नाही. ठरल्या वेळी कूस बदलणं, त्वचा तपासणं, कोरडी ठेवणं, पोषण बघणं, आणि पाळी बदलली की पुढचीला सगळं नोंदवून सोपवणं, पिढ्यामागून पिढ्या.

राहता राहिला पगार. मूर्तीबाबत प्रामाणिक राहायचं तर सांगायला हवं की परिचारिकांच्या सरकारी नोंदणीला, म्हणजे या कामाला अधिकृत व्यवसायाचा दर्जा मिळण्याला, खुद्द नाइटिंगेलनी विरोध केला होता. चारित्र्याची परीक्षा घेता येत नाही, हे त्यांचं म्हणणं. एथेल बेडफर्ड फेनविक या ब्रिटिश परिचारिकेने नोंदणीसाठी तीसेक वर्षं लढा दिला आणि १९१९ मध्ये ब्रिटनमध्ये कायदा झाला. न्यूझीलंडने तो १९०१ मध्येच केला होता. आपल्याकडे भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा १९४७ मध्ये झाला. नोंदणी झाली, तरी पैशाचं रडगाणं राहिलं. खासगी रुग्णालयांतल्या परिचारिकांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्यावर २०१६ मध्ये नेमलेल्या समितीने ५० पेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही महिना किमान २०,००० रुपये द्यावेत, अशी शिफारस केली. ही शिफारस करायला समिती बसवावी लागली, यावरून तेव्हा हातात काय पडत असेल त्याचा अंदाज करा. मे २०२२ मध्ये महाराष्ट्रातल्या सरकारी परिचारिका संपावर गेल्या, तेव्हा त्यांची एक मुख्य मागणी होती की भरती खासगी कंपनीमार्फत कंत्राटी पद्धतीने करू नका, कायमची पदं भरा. लॅन्सेटचा तो ७ टक्क्यांचा आकडा डोळ्यांसमोर ठेवून ती मागणी पुन्हा वाचा, आणि मग ती त्यांच्या स्वतःपुरती होती का ते ठरवा.