"नुसती बटणं तर दाबतात" म्हणणाऱ्यांसाठी डाफ्ट पंक

इलेक्ट्रॉनिक म्युझिकचा विषय निघाला की आमच्या ग्रुपात एक तरी जण म्हणतोच, "त्यात काय एवढं, नुसती बटणं तर दाबतात." मी हल्ली वाद घालत नाही, डाफ्ट पंक या फ्रेंच जोडगोळीचा लाइव्ह अल्बम 'अलाइव्ह २००७' लावतो आणि गप्प बसतो. ज्यांच्यासाठी डाफ्ट पंक म्हणजे 'गेट लकी' हे एक गाणं आणि विषय संपला, त्यांनीही वाचा, तुमच्यावर तर माझा जास्तच राग आहे.

थॉमा बांगाल्तेर आणि गी-मान्युएल, पॅरिसचे शाळासोबती. आधी यांचा डार्लिन नावाचा गिटारवाला बँड होता, एका ब्रिटिश पेपरने त्याची 'डाफ्ट पंकी थ्रॅश' म्हणून पार वाट लावली, तर या पठ्ठ्यांनी त्या शिवीचंच नाव करून टाकलं. १९९७ चा पहिला अल्बम 'होमवर्क' थॉमाच्या बेडरूममध्ये बनलाय. ती रोबॉटची हेल्मेटं नंतर आली, 'डिस्कव्हरी' या पुढच्या अल्बमच्या वेळी.

आता बटणांबद्दल. जुन्या डिस्को रेकॉर्डचा एक छोटासा तुकडा घ्यायचा, तो फिरवत ठेवायचा आणि फिल्टर लावून वरचे सगळे आवाज कापायचे. मंगल कार्यालयाबाहेर रस्त्यावर उभं राहिलं की आतल्या गाण्याचा नुसता धब धब ऐकू येतो आणि कोणी दार उघडलं की शब्द, झांजा सगळं एकदम अंगावर येतं ना, ते हे लोक एका नॉबवर करतात. खरी गंमत ते दार किती वेळ बंद ठेवायचं यात आहे. 'वन मोअर टाइम' नीट ऐका, ऐन रंगात बीट काढून घेतलाय, नुसते कॉर्ड आणि रोमँथनी या गायकाचा आवाज, आणि बीट येतच नाही, येतच नाही, आपल्याला वाटतं आता तरी येईल, तरी नाही. नवीन डीजे पोरं सोळा मात्रांत घाबरून ड्रॉप टाकून, म्हणजे बीट परत आणून, मोकळी होतात.

'अराउंड द वर्ल्ड'मध्ये तर अख्ख्या गाण्यात तेवढेच तीन शब्द. कंटाळा येतो म्हणणाऱ्यांनी मिशेल गाँद्रीने केलेला व्हिडिओ बघावा. त्यात एकेका वाद्याला एकेक टोळी दिलीये, ममी म्हणजे ड्रम मशीन, सांगाडे म्हणजे गिटार, रोबॉट म्हणजे आवाज, आणि बास वर चढला की खेळाडू जिना चढतात, खाली आला की उतरतात. एकदा ते जिनेवाले बघितले की पुढच्या वेळी नुसतं ऐकतानाही कान बासवरच जातो.

बरं, एक भन्नाट गोष्ट, जी मी भेटेल त्याला सांगतो. थॉमाचे वडील दानियेल व्हांगार्द हे स्वतः डिस्कोचे प्रोड्यूसर, ओटावान या ग्रुपच्या गाण्यांमागे तेच. त्या ओटावानच्या 'टे ओके' नावाच्या फ्रेंच गाण्यावरून बप्पीदांनी १९८२ मध्ये 'जिमी जिमी आजा' केलं. म्हणजे वरातीत आपले काका लोक ज्यावर रुमाल उडवत नाचले, ती चाल एका रोबॉटच्या बाबांची. हे दोघं कॉन्सर्टला कधी इंडियात आले नाहीत, पण वडील आधीच येऊन गेले असं मी मानतो :)

'अलाइव्ह'कडे येतो. २००५ चा 'ह्यूमन आफ्टर ऑल' अल्बम काही आठवड्यांत उरकलेला, समीक्षकांनी झोडपला, आणि खरं सांगायचं तर सलग ऐकला की डोकं उठतंच. पण २००६ ला अमेरिकेतल्या कोचेला म्युझिक फेस्टिव्हलमध्ये ते दिव्यांच्या पिरॅमिडचं स्टेज घेऊन उभे राहिले आणि तीच कोरडी, कडक गाणी जुन्या गाण्यांखाली सांगाड्यासारखी बसवली. 'अराउंड द वर्ल्ड' आणि 'हार्डर बेटर' एकमेकांत घुसतात तिथे पॅरिसच्या बेर्सी स्टेडियममधलं पब्लिक जे ओरडतं, ते रेकॉर्डिंगमध्ये ठेवलंय हे फार बरं केलं. त्याच पिरॅमिडवाल्या दौऱ्यातल्या शोचं हे रेकॉर्डिंग, २००९ ला दोन ग्रॅमीही मिळाले. स्वतःच्या दहा वर्षांच्या कामाचे तुकडे करून त्याची नवीन वस्तू करायला जिगर लागते राव.

भक्त असलो तरी आंधळा नाही. 'वन मोअर टाइम'मधला ट्रम्पेटसारखा तुकडा एडी जॉन्स नावाच्या गायकाच्या १९७९ च्या गाण्यातला, आणि त्या माणसाला वर्षानुवर्षं एक पैसा मिळाला नव्हता, हे २०२१ ला बाहेर आलं. पैसे हक्कवाल्या कंपनीकडे जात होते म्हणे. कायद्याने ठीक असेल, मला पटलेलं नाही.

आणि २०१३ चा अल्बम 'रँडम ॲक्सेस मेमरीज'. नाइल रॉजर्सची गिटार, नेथन ईस्टचा बास, बहुतेक सगळं हाताने वाजवलेलं, अल्बम ऑफ द इयर वगैरे. सुंदर आहे, नाही म्हणत नाही. 'जॉर्जिओ बाय मोरोडर'च्या शेवटी ड्रम सुटतात तेव्हा माझ्या अंगावर काटा येतो. पण ते फार आवरलेलं घर आहे, बेडरूममधला तो ढोबळ, कर्कश 'रोलिन अँड स्क्रॅचिन' मला जास्त जवळचा.

२०२१ च्या फेब्रुवारीत आठ मिनिटांचा व्हिडिओ टाकून दोघं कायमचे थांबले, मुलाखत नाही, फेअरवेल टूर नाही. दर सहा महिन्यांनी कोणीतरी 'परत येतायत' अशी पोस्ट टाकतो, कृपया मला टॅग करू नका. थॉमाने हेल्मेटबिल्मेट सोडून ऑर्केस्ट्रासाठी 'मिथॉलॉजीज' या बॅलेचं म्युझिक लिहिलं, २०२३ ला त्याचा अल्बम आला. मी पूर्ण ऐकला. बॅलेचं म्युझिक असूनही त्यावर मला काही नाचता आलं नाही.