ई-सायकलवाल्या त्या फॉरवर्डला उत्तर, कारण आता ते आमच्या वहिनीपर्यंत पोचलंय

"खरा सायकलिस्ट मोटर लावत नाही" असं वर मोठ्या अक्षरात, खाली सात मुद्दे आणि शेवटी "जनहितार्थ, पुढे पाठवा". आमच्याकडच्या सायकल ग्रुपांवर हे कधीपासून फिरतंय. मुद्दे थोडक्यात असे. ई-सायकलने व्यायाम शून्य होतो, उलट गुडघे आखडतात आणि एक चढ चढली की बॅटरी खलास. ही सरळ चीटिंग आहे. पावसात शॉक लागून माणूस जागच्या जागी जातो. मोटरच्या लहरींनी बायकांच्या पोटाला अपाय होतो. लायसन नसेल तर पोलीस सायकल जप्त करतात. कोळशाच्या विजेवर चालते म्हणून पेट्रोलपेक्षा जास्त प्रदूषण. आणि बॅटरी दोन वर्षांत भंगार.

ग्रुपवर होतं तोवर कोणी फार मनावर घेतलं नाही, रविवारच्या राईडच्या फोटोंखाली असलं काहीतरी येतच असतं. पण कोणीतरी ते बचत गटांच्या ग्रुपवर ढकललं आणि तिथून ते वहिनीकडे आलं. वहिनी आमच्या गावची सीआरपी (कम्युनिटी रिसोर्स पर्सन), म्हणजे गटांच्या मीटिंगा, वह्या, बँकेची कामं सगळं तिच्या गळ्यात. काही गट खाडीकाठच्या वाडीत, काही वर सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या सपाट माळावर, आणि मधला चढ असा की उतरताना ब्रेक दाबून दाबून हात दुखतात. स्कूटर तिला येत नाही, लायसन नाही, एसटी सकाळी एक नि संध्याकाळी एक, आणि दर वेळी स्पेशल रिक्षा केली तर मानधनातलं उरणार काय. दादाने आणि तिने चिपळूणला जाऊन ई-सायकल बघून ठेवलेली, गणपती झाले की घ्यायची ठरलेलं. आता काका म्हणतात नको, पोटाचं काहीतरी होतं म्हणतात. कोण म्हणतं? तर मोबाईलवर आलंय.

तर आधी तोच मुद्दा घेतो, कारण डोकं त्यानेच फिरलंय. आपल्याकडे मिळणाऱ्या बहुतेक ई-सायकलींची मोटर मागच्या चाकाच्या मधोमध, हबमध्ये असते आणि ती २५० वॅटची. आता घरातला मिक्सर उलटा करून खालची पट्टी वाचा. ५०० किंवा ७५० वॅट लिहिलेलं असेल, आणि तो ओट्यावर पोटापासून वीतभर अंतरावर रोज घरघरत असतो. नारळाचं वाटण घालताना लहरींचा त्रास होईल म्हणून काकांनी किंवा हे फॉरवर्ड लिहिणाऱ्याने आजवर कोणाला थांबवल्याचं ऐकिवात नाही. बाई घराबाहेर पडायला लागली की मात्र लहरी सुरू. हे नवीनही नाही म्हणा. १८९० च्या दशकात इंग्लंड-अमेरिकेत साध्या, बिनमोटरच्या सायकलने बायकांचा चेहरा कायमचा बिघडतो असं छातीठोकपणे सांगणारे डॉक्टर होते, वर्तमानपत्रं ते छापतही होती. सव्वाशे वर्षांत चेहऱ्यावरून पोटावर आलोय एवढीच प्रगती.

आता पावसातला शॉक. वहिनीने विचारलंच, "भावोजी, आपल्याकडचा पाऊस म्हणजे, खरंच लागला तर?" प्रश्न बरोबर आहे, आपल्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पडतो. पण बॅटरी ३६ व्होल्टची, डीसी. घरातल्या प्लगमध्ये २३० व्होल्ट एसी असतात. ३६ व्होल्टने चालत्या सायकलवर माणूस जागच्या जागी जाणं वगैरे सिनेमातलं. पाणी आत गेलंच तर कंट्रोलर (मोटरला वीज सोडणारी डबी) किंवा डिस्प्ले बंद पडतो आणि तुम्ही साध्या सायकलसारखे पेडल मारत घरी येता, तेवढाच मनस्ताप. आपल्याकडे खरा शत्रू पावसापेक्षा खारी हवा आहे. समुद्राकाठी ठेवलेल्या सायकलचा कनेक्टर उघडून बघा, पिनांवर हिरवट बुरशीसारखा थर धरलेला असतो, एखादी पिन तर बोट लावलं की मोडते. पावसाळ्याआधी ते साफ करून ग्रीस लावायचं, आणि पाईप धरून मोटर धुवायची नाही.

खरा धोका आहे तो चार्जरपाशी, आणि त्याबद्दल फॉरवर्डमध्ये एक अक्षर नाही. पडवीत पागोळ्या गळतायत, भिंत ओली, अर्थिंगचा पत्ता नाही आणि ओल्या हाताने प्लग खोचला तर शॉक लागेलच, पण तो मोबाईलच्या चार्जरनेही लागेल. दुसरं आग. हे मात्र मी हसण्यावारी नेत नाही. न्यूयॉर्क शहरात २०२३ साली लिथियम-आयन बॅटऱ्यांच्या आगीत १८ माणसं गेली, आणि त्यात ई-सायकली, ई-स्कूटरच्या बॅटऱ्यांचा वाटा मोठा होता. त्याच वर्षी तिथे प्रमाणित नसलेल्या बॅटऱ्या विकायला बंदी आली. म्हणजे जोडकामाच्या स्वस्त बॅटऱ्या, भलताच चार्जर, रात्रभर चार्जिंग हे टाळायचं. कंपनीचाच चार्जर वापरा, दिवसा जागेपणी लावा, आणि बाहेर पडायच्या दारात किंवा गॅसजवळ लावू नका. जनहितार्थ पाठवायचंच होतं तर हे पाठवायचं की.

चीटिंग. हा मुद्दा आपल्याच लोकांचा आहे, म्हणजे लायक्रा घालून पहाटे निघणाऱ्यांचा, म्हणून जरा सविस्तर. मी स्वतः बिनमोटरची सायकल चालवतो आणि घ्यायचा विचारही नाही. पण चीटिंग व्हायला आधी स्पर्धा लागते ना? २०१६ च्या जानेवारीत बेल्जियममध्ये झोल्डरला सायक्लोक्रॉसची, म्हणजे चिखलामातीतल्या सायकल शर्यतीची जागतिक स्पर्धा झाली, तिथे फेमके व्हान डेन ड्रीश या बेल्जियन मुलीच्या सायकलमध्ये लपवलेली मोटर सापडली, तिच्यावर सहा वर्षांची बंदी आली. ती चीटिंग. २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायच्या लांब राईडला, साडेतेरा तास मिळतात आणि ते फक्त स्वतःच्या ताकदीवर काढायचे असतात, तिथे कोणी गुपचूप मोटर लावून आला तर तीही चीटिंग. स्ट्राव्हावर, म्हणजे राईड नोंदवायच्या ॲपवर, मोटरची राईड साधी म्हणून टाकून कोणाचा रेकॉर्ड मोडला तर तुमचं बोंबलणं योग्य, त्यासाठी तिथे ई-बाईक राईड असा वेगळा पर्याय दिलेलाच आहे. पण वहिनी कर्जहप्त्यांची वही घेऊन सड्यावर चालली आहे हो, तिथे कोण टाइम लावून बसलंय? ती कोणाला फसवतेय, चढाला?

आणि मोटर म्हणजे बाहेरची मदत, ती नको, असं तत्त्व असेल तर गिअरचं काय करायचं. टूर डी फ्रान्स सुरू करणारा आंरी देग्रांज गिअर बदलणाऱ्यांना असंच हिणवायचा, त्याच्या मते ते पंचेचाळिशी ओलांडलेल्यांसाठी होतं. १९३७ पर्यंत टूरमध्ये चालत्या सायकलवर गिअर बदलणाऱ्या डिरेलरला बंदी होती. आज एकवीस गिअरची सायकल घेऊन, सगळ्यात हलक्या गिअरवर रत्नागिरीजवळच्या आरे-वारेचा चढ धापा टाकत चढणारे आपणच मोटरवाल्यांना "तुझं सोपं आहे बाबा" म्हणतो. काही जण तर कारच्या मागे सायकल लावून गणपतीपुळ्याला जातात, सपाटीवर चक्कर मारतात, फोटो टाकतात, कारनेच परत. त्यांना कोणी चीटर म्हणत नाही. साठीच्या पुढच्या माणसांनी मोटर लावली तर मात्र "आता सायकल सोडा काका" इथवर मजल जाते. सोडतीलच ते, मग ग्रुपवर सिनिअर कोणी येत नाही म्हणून हळहळायचं.

व्यायाम शून्य हा मुद्दा ऐकायला सगळ्यात खरा वाटतो, आणि तो सगळ्यात खोटा आहे. २०१९ मध्ये एक अभ्यास छापून आला, युरोपातली सात शहरं (अँटवर्प, बार्सिलोना, लंडन, ऑरेब्रो, रोम, व्हिएन्ना, झ्युरिक), दहा हजारांवर माणसं. त्यात ई-सायकलवाल्यांची आठवड्याची एकूण शारीरिक हालचाल साध्या सायकलवाल्यांच्या बरोबरीने निघाली, जरा जास्तच. कसं काय? एका फेरीत साधी सायकलवाला सरासरी ४.८ किलोमीटर जातो, ई-सायकलवाला ९.४. दर किलोमीटरला मेहनत कमी, पण किलोमीटर दुप्पट. त्यातच आणखी एक गोष्ट दिसते जी फॉरवर्डवाल्याला आवडेल म्हणून मीच सांगून टाकतो: जे आधी साधी सायकल चालवत होते आणि मग मोटरवर गेले त्यांची हालचाल थोडी कमी झाली. पण जे कार, बाईक किंवा बस सोडून ई-सायकलवर आले त्यांची त्याच्या दुपटीतिपटीहून जास्त वाढली. आता वहिनी साधी सायकल सोडून येतेय की रिक्षा सोडून? मान्य, हे लोकांनी स्वतः भरून दिलेल्या माहितीवरचं आहे आणि झ्युरिक म्हणजे गुहागर तालुका नव्हे. पण समोरच्याकडे काय आहे, तर हात जोडलेले इमोजी.

बॅटरी एका चढात खलास होते म्हणणाऱ्यांसाठी शाळेतला हिशोब. वहिनी, सायकल आणि पिशवी मिळून ९० किलो धरा, खाडीपासून सड्यापर्यंत उंची १०० मीटर धरा. ९० गुणिले ९.८ गुणिले १००, म्हणजे ८८ हजार ज्यूल, म्हणजे २५ वॅट-अवर. मोटरमधली तूट, रस्त्याचं घर्षण घालून ४० करा. ३६ व्होल्ट, १० अँपिअर-अवरची बॅटरी ३६० वॅट-अवरची असते. म्हणजे पाय न हलवता नुसत्या मोटरवर गेली तरी असे आठ-नऊ चढ निघतात. आणि पाय हलवायचेच आहेत. शंभर मीटरला आठ मीटर चढणाऱ्या रस्त्यावर ताशी ८ किलोमीटरने जायला १७० वॅट लागतात, सराव नसलेल्या माणसाला सलग १०० काढतानाही जीव जातो. उरलेलं मोटर देते. मोटर नसेल तर वहिनी उतरून सायकल ढकलत नेणार, आणि दोन दिवसांनी ती सायकल खळ्यात टेकून राहणार, वर चादरी वाळत घालायला. गुडघ्यांचंही तेच, गुडघ्यावर सगळ्यात जास्त ताण उभ्या चढावर जड गिअर रेटताना येतो आणि मोटर नेमका तोच भार उचलते.

हां, नुसता थ्रॉटल (स्कूटरसारखी मूठ) पिळून बसायचं असेल तर व्यायाम होत नाही हे खरं. मग ती स्कूटरच झाली. बऱ्याच स्वस्त मॉडेलांना थ्रॉटल असतो आणि माणूस आळशी आहे. एवढा अर्धा मार्क देतो.

कोळसा: आपल्या जिल्ह्यात जयगडला कोळशावर वीज होते आणि पोफळीला कोयनेच्या पाण्यावर, तुमच्या प्लगमध्ये कुठली आली ते सांगता येत नाही. पण देशाची सरासरी धरली, एका युनिटमागे ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड, तरी पूर्ण चार्जला लागतं ०.४ युनिट आणि त्यात ३५ किलोमीटर होतात. म्हणजे ३०० ग्रॅमच्या आत. लिटरला ४५ देणारी स्कूटर तेवढ्याच अंतरात पावणेदोन किलो सोडते. संपला मुद्दा.

भंगाराबद्दल मात्र भांडत नाही. लिथियम बॅटरी साधारण ५०० ते १००० पूर्ण चार्ज टिकते आणि मग रेंज घटत जाते, रोज चार्ज केली तर दोन-तीन वर्षांत जाणवायला लागतं, आणि नवीन बॅटरीची किंमत ऐकून माणूस खाली बसतो. सायकल २०-२५ किलोची, पाखाडीवरून, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेवरून, उचलून न्यायची म्हणजे दोन माणसं लागतात. आमच्या तालुक्यात कंट्रोलर गेला तर दुरुस्त करणारा कोणी नाही, चिपळूण नाहीतर रत्नागिरी गाठायची आणि पार्ट "पुण्याहून मागवलाय" हे ऐकत बसायचं. घ्यायच्या आधी दुकानदाराला बॅटरीची वॉरंटी लेखी मागा आणि बॅटरी सुटी मिळते का ते विचारा.

पोलिसांचं काय ते पण सांगतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे मोटर २५० वॅटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल तर ती मोटार वाहनात धरत नाहीत, लायसन नको, नंबर प्लेट नको, इन्शुरन्स नको. गोची कुठे आहे, तर काही दुकानदार ५०० नाहीतर १००० वॅटचं किट बसवून "सायकलच आहे ताई, काही लागत नाही" म्हणतात, ते खोटं, तिला सगळी कागदपत्रं लागतात आणि अशी सायकल पकडली तर पोलिसांचं काही चुकलं नाही. म्हणून दादाला सांगितलंय, दुकानात तोंडी आकडा ऐकू नकोस, मोटरवर आणि बिलावर २५० वॅट लिहिलेलं बघ आणि बिलाचा फोटो वहिनीच्या मोबाईलमध्ये ठेव. काकांना मिक्सरची पट्टी दाखवायचं काम माझ्याकडे आहे.